स्पेक वर्गात ईसीयू ट्यूनिंग: खरा फायदा किती आणि तो नेमका कुठे मिळतो?

मधल्या_रांगेतला:

नमस्कार. आमच्या स्पेक वर्गात (एकसारख्या गाड्यांच्या शर्यतीच्या वर्गात) सर्व गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत. इंजिन १.८ लिटरचे, चार सिलिंडरचे आणि टर्बो नसलेले आहे, थ्रॉटल केबलने उघडते, कॅमचे टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) स्थिर आहे, टायर सर्वांना एकच आहेत आणि चालकासह किमान वजन १०५० किलो आहे. आतापर्यंत ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) हात लावण्यास पूर्ण मनाई होती. येत्या हंगामापासून मात्र नियम बदलला असून, ईसीयूचा डबा, वायरिंग आणि सर्व सेन्सर मूळचेच ठेवून आतील ‘इंधनाचे आणि इग्निशनचे मॅप’ (किती इंधन द्यायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची याचे तक्ते) बदलण्याची मुभा देण्यात आली आहे. इंजिनच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा मूळचीच, म्हणजे ७००० आरपीएम, राहणार आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) काढण्याची परवानगी पूर्वीपासून आहे आणि माझ्या गाडीत तो काढलेला आहे.

माझ्या गाडीची चाकांवर मोजलेली कमाल शक्ती ८० किलोवॉटच्या आसपास आहे. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पुढच्या रांगेतील गाड्या माझ्यापेक्षा ताशी दोन-तीन किलोमीटर वेगात असतात. एका ट्यूनरने नुसता मॅप बदलून ‘आठ ते दहा टक्के’ शक्ती वाढवून देण्याची हमी दिली आहे आणि त्यासाठी त्याने आपल्याच ग्राहकांचे डायनोचे (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचे) आलेख दाखवले.

माझे प्रश्न असे: टर्बो नसलेल्या इंजिनात हा आकडा शक्य आहे का? शक्य नसेल तर वाजवी अपेक्षा किती ठेवावी? आणि डायनोवर मिळणारा मोजका वेळ कोणत्या कामावर खर्च करावा? इंजिनाचे आयुष्य कमी होईल असे काही मला करायचे नाही. हेच इंजिन पूर्ण हंगाम चालवायचे आहे.

लॅम्ब्डा_एक:

आधी आठ-दहा टक्क्यांचा हिशेब पाहू, कारण तो सुटला की बाकीचे आपोआप स्पष्ट होते.

इंजिनाचा टॉर्क मुख्यतः प्रत्येक आवर्तनात सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावर ठरतो. ती हवा पोर्ट, कॅम, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट हे ठरवतात. स्थिर कॅमच्या आणि टर्बो नसलेल्या इंजिनात फाइल बदलल्याने हवेचे प्रमाण वाढत नाही. आत आलेल्या हवेसोबत किती इंधन द्यायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, एवढ्याच दोन गोष्टी आपल्या हातात उरतात. टर्बो इंजिनात मॅप बदलून वीस-तीस टक्के वाढ मिळते, कारण तिथे ईसीयू बूस्टचा दाबच वाढवू शकतो. जाहिरातींतले मोठे आकडे बहुधा तिथूनच उचललेले असतात.

आता इंधन. पेट्रोलसाठी रासायनिक समतोलाचे हवा-इंधन प्रमाण १४.७ला १ असते, त्यालाच आपण लॅम्ब्डा १ म्हणतो. पूर्ण थ्रॉटलला सर्वाधिक टॉर्क साधारण लॅम्ब्डा ०.८६ ते ०.९० या पट्ट्यात मिळतो. कारखान्याचा मॅप मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नये म्हणून वरच्या फेऱ्यांवर मुद्दाम जास्त इंधन ओततो, आणि तिथे लॅम्ब्डा ०.८०पर्यंत किंवा त्याखालीही जातो. आपल्या गाडीत कन्व्हर्टर नसल्यामुळे त्या संरक्षणाचे कारणच उरलेले नाही. तिथून ०.८८पर्यंत आणल्यास ५५०० आरपीएमच्या वर एक ते दोन टक्के मिळावेत. ०.९०च्या पलीकडे जाण्याचा मोह टाळावा, कारण एक्झॉस्टमधला एकच सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी सांगतो आणि त्यातला एखादा सिलिंडर सरासरीपेक्षा कोरडा (कमी इंधनावर) चाललेला असतोच.

आणखी एक गोष्ट. काही कारखानी मॅपमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यानंतर इंधन वाढवण्याआधी मुद्दाम काही काळ थांबण्याची सोय असते. रस्त्यावरच्या उत्सर्जनासाठी ते ठीक आहे. वळणातून बाहेर पडताना मात्र तेवढा वेळ इंजिन लॅम्ब्डा १वर अडकून राहते. डायनोच्या आलेखात हे सहसा दिसत नाही, कारण तिथे धाव सुरू होईपर्यंत विलंब संपलेला असतो. आपल्या ईसीयूत असा विलंब असेल, तर तो काढल्याचा परिणाम चालकाला लगेच जाणवतो.

इग्निशनबाबत अपेक्षा मर्यादित ठेवा. प्रत्येक फेरी आणि भाराला एक असे टायमिंग असते जिथे टॉर्क सर्वाधिक मिळतो; त्याला एमबीटी म्हणतात, आणि तिथे सिलिंडरमधला दाब पिस्टन माथ्यावरून पुढे गेल्यावर साधारण १४ ते १६ अंशांवर शिखर गाठतो. या बिंदूच्या आसपास आलेख सपाट असतो. ठिणगी दोन-तीन अंश मागे (उशिरा) राहिली तरी टॉर्क जेमतेम एक टक्का घटतो, पण दोन-तीन अंश पुढे (लवकर) गेल्यास टॉर्क तेवढाच घटून वर नॉकचा (मिश्रण आपोआप भडकून इंजिनाला इजा होण्याचा) धोका वाढतो. कारखान्याने हलक्या प्रतीच्या पेट्रोलचा विचार करून टॉर्कच्या शिखराजवळ टायमिंग मागे ठेवले असेल, तर चांगल्या ऑक्टेनवर तिथे थोडी वाढ मिळेल. ७००० आरपीएमच्या जवळ बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

एकूण वाजवी अपेक्षा कमाल शक्तीत दोन ते चार टक्के. आपल्या ८० किलोवॉटवर ती दोन-तीन किलोवॉट होते.

मग आलेखात आठ-दहा टक्के कुठून आले? एकाच धावेचा आकडा हवामानाचा फरक काढण्यासाठी ‘एसटीडी’ पद्धतीने दुरुस्त केला तर तो ‘एसएई’ पद्धतीपेक्षा सुमारे चार टक्क्यांनी जास्त दिसतो, कारण दोन्ही पद्धतींतील प्रमाणित तापमान आणि हवेचा दाब वेगळे आहेत. आधीची धाव एका पद्धतीत आणि नंतरची दुसऱ्या पद्धतीत छापली, पहिली धाव गरम इंजिनावर आणि दुसरी पंखा लावून थंड केलेल्या इंजिनावर घेतली, की खऱ्या तीन टक्क्यांचे आठ व्हायला वेळ लागत नाही. ट्यूनर लबाडच आहे असे मी म्हणत नाही, पण आलेखाच्या कोपऱ्यात छापलेली दुरुस्तीची पद्धत, गुणक आणि हवेचे तापमान वाचल्याशिवाय त्या कागदाला काडीची किंमत देऊ नका.

तपासणी_टेबल:

मी स्पर्धांमध्ये तांत्रिक तपासणीचे काम करतो, त्यामुळे माझा मुद्दा शक्तीचा नसून नियमाच्या शब्दांचा आहे.

स्पेक वर्गांचे नियम बहुधा एकाच तत्त्वावर लिहिलेले असतात: ज्याची परवानगी स्पष्टपणे लिहिलेली नाही, त्याला मनाई आहे. आपण दिलेल्या नियमात ‘इंधनाचे आणि इग्निशनचे मॅप’ असे शब्द आहेत. मग रेडिएटरचा पंखा कोणत्या तापमानाला सुरू व्हावा हा आकडा बदलता येईल का? शब्दशः वाचल्यास नाही. आत येणाऱ्या हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारा तक्ता हा ‘इग्निशनचा मॅप’ समजायचा की स्वतंत्र दुरुस्ती? लॅम्ब्डा सेन्सरच्या आधारे इंधन सुधारण्याची प्रक्रिया बंद करणे चालेल का? नेमके इथेच घोडे पेंड खाते. दोन ट्यूनर या प्रश्नांची दोन उत्तरे देतील आणि दोघांनाही स्वतःचेच बरोबर वाटेल. हंगाम सुरू होण्यापूर्वी आयोजकांकडून लेखी खुलासा मागवा आणि तो गाडीच्या लॉगबुकला जोडून ठेवा. तोंडी आश्वासनाचा आक्षेपाच्या वेळी उपयोग होत नाही.

‘सर्व सेन्सर मूळचेच’ या अटीकडेही लक्ष द्यावे. हवेच्या किंवा कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरच्या तारेत रेझिस्टर बसवून ईसीयूला खोटे तापमान दाखवण्याची युक्ती जुनी आहे आणि ती पकडणेही सोपे आहे. सकाळी इंजिन सुरू होण्यापूर्वी, गाडी रात्रभर उभी असताना, ओबीडी पोर्टला (ईसीयूची माहिती वाचण्याच्या सॉकेटला) रीडर लावला की कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचे तापमान बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजे. बाहेर २४ अंश असताना एक सेन्सर २४ आणि दुसरा ११ दाखवत असेल, तर पुढचे प्रश्न आम्ही विचारतोच.

मॅपच्या बाबतीत, ज्या गाड्यांचे ईसीयू ही माहिती देतात त्यांच्यात ओबीडी-२च्या मोड ०९मधून कॅलिब्रेशनचा ओळख क्रमांक आणि त्याचा पडताळणी क्रमांक वाचता येतो. मॅपमधला एक आकडा जरी बदलला तरी पडताळणी क्रमांक बदलायला हवा. मूळ मॅपची सक्ती असलेल्या वर्गात हा क्रमांक ताडून पाहिला जातो. तो खोटा दाखवणाऱ्या फाइलीही असतात, म्हणून शंका आल्यास आम्ही ईसीयू काढून घेतो आणि आयोजकांकडील खात्रीचा ईसीयू बसवून गाडी चालवायला लावतो. आपल्या वर्गात मॅप खुला होणार असला, तरी फेऱ्यांची मर्यादा मूळचीच ठेवायची असल्याने डेटा लॉगरमधली आरपीएमची नोंद पाहिली जाईल हे गृहीत धरा. खालच्या गिअरमध्ये चुकून आणलेल्या गाडीची सुई मर्यादेपलीकडे जाते; ती वेगळी गोष्ट आहे आणि नोंदीत ती वेगळी ओळखू येते. पूर्ण थ्रॉटलवर वेग वाढत असताना मर्यादा ओलांडलेली दिसली, तर त्याचा खुलासा करणे अवघड जाते.

नियम सैल केल्याने खर्च वाढतो असे माझे वैयक्तिक मत आहे, परंतु त्याचा इथे संबंध नाही. एवढे मात्र खरे की तपासता न येणारा नियम टिकत नाही. फॉर्म्युला वनने २००८पासून सर्व संघांना एकच ईसीयू सक्तीचा केला, त्यामागेही ट्रॅक्शन कंट्रोलवरील (चाके घसरू न देणाऱ्या यंत्रणेवरील) बंदी प्रत्यक्षात तपासता यावी हा एक प्रमुख हेतू होता. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्या एकत्र धावतात अशा वर्गांत तर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. स्पेक मियाटामध्ये (माझदा मियाटा गाड्यांच्या स्पेक वर्गात) नंतरच्या वर्षांच्या १.८ लिटर गाड्यांना रिस्ट्रिक्टर प्लेट (आत येणारी हवा कमी करणारी चकती) लावून आणि वजन वेगळे ठेवून समतोल साधला जातो. अशा ठिकाणी मॅप खुला केला तर प्रत्येक इंजिनाला मिळणारा फायदा वेगळा असेल आणि मोठ्या कष्टाने साधलेला समतोल पुन्हा मांडावा लागेल. आपल्या वर्गात एकच मॉडेल असल्याने ती अडचण नाही.

सेक्टर_तीन:

‘लॅम्ब्डा_एक’ यांनी दिलेले आकडे मला मान्य आहेत, मात्र त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. दोन किलोवॉटमुळे लॅपच्या वेळेत किती फरक पडतो हे कोणीच सांगितले नाही, म्हणून तो हिशेब मांडतो.

गाडी १०५० किलोची आहे. समजा ती ४०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर ताशी १२० किलोमीटरने शिरते. त्या पट्ट्यावर चाकांवर सरासरी ७५ किलोवॉट मिळतात आणि हवेचा विरोध व टायरचे घर्षण मिळून सुमारे ३० किलोवॉट खातात, असे धरले तर पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १६०च्या आसपास येतो आणि अंतर कापायला सुमारे १०.२० सेकंद लागतात. आता चाकांवर दोन किलोवॉट वाढवा. तेच अंतर सुमारे १०.१५ सेकंदांत कापले जाते आणि शेवटचा वेग ताशी सुमारे १.४ किलोमीटरने वाढतो. म्हणजे एका लांब पट्ट्यावर सेकंदाच्या सुमारे पाच शतांशांचा लाभ.

शक्ती मूळचीच ठेवून, त्याच पट्ट्यावर १२०ऐवजी १२१ने शिरलात तर तेवढाच, किंबहुना किंचित जास्त फायदा होतो. वळणातून बाहेर पडताना ताशी एक किलोमीटर जास्त. म्हणून पुढच्या गाड्यांशी तुलना करताना पट्ट्याच्या शेवटचा वेग एकटा पाहू नये. जीपीएस लॉगरवर दोन्ही गाड्यांचा पट्ट्याच्या सुरुवातीचा वेग शेजारी ठेवून पाहावा. सुरुवातीलाच दोन किलोमीटरचा फरक असेल, तर तो ईसीयूमुळे पडलेला नाही.

दुसरे असे की, मॅपकडे वळण्यापूर्वी मूळ इंजिन आपली पूर्ण शक्ती देत आहे का, हे तपासले का? काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत या बाबतीत वारंवार होते. केबलच्या थ्रॉटलमध्ये सर्वात आधी पाहायची गोष्ट म्हणजे पेडल तळाशी टेकल्यावर बटरफ्लाय (थ्रॉटलमधली फिरणारी झडप) खरोखर पूर्ण उघडते का. एकाने सीटवर बसून पेडल दाबावे आणि दुसऱ्याने हवेचा पाइप काढून थ्रॉटलमध्ये डोकावावे. लॉगरवरील टक्केवारीवर विसंबू नका, कारण कित्येक सेन्सर बटरफ्लाय पूर्ण उघडलेले असतानाही ८८ किंवा ९० टक्केच दाखवतात. म्हणून आधी हाताने थ्रॉटल पूर्ण उघडून आकडा लिहून घ्या, मग पेडलने उघडून घ्या. दोन आकड्यांत फरक असेल तर केबल सैल आहे किंवा पेडलचा थांबा चुकीच्या जागी आहे.

त्यानंतर मास्टर स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज तोडणारा स्विच. स्पर्धेच्या गाडीत तो लागतोच, पण ईसीयूची स्मृती जिवंत ठेवणारी तारसुद्धा त्याच स्विचमधून घेतलेली असेल, तर जुन्या धाटणीच्या कित्येक ईसीयूंमध्ये स्विच बंद केल्यावर इंधनाची शिकलेली सगळी दुरुस्ती पुसली जाते. मग प्रत्येक सत्राची सुरुवात ईसीयू कोऱ्या पाटीने करतो. हवामापक सेन्सर मळलेला असेल किंवा इंधनाचा दाब थोडा कमी असेल, तर ज्या ईसीयूंमध्ये ही दुरुस्ती पूर्ण थ्रॉटललाही लागू होते तिथे निम्मे सत्र ती पुन्हा शिकण्यात जाते. नियम वाचून, आणि सुरक्षिततेच्या अटी न मोडता, ही जोडणी तपासावी. स्विच बंद केल्यावर इंजिन थांबलेच पाहिजे, यात तडजोड नको.

हवामापक सेन्सरवर तेलकट एअर फिल्टरचा थर बसतो, तोही पाहा. सिलिंडरचे लीकडाउन (दाबाने भरलेली हवा किती गळते ते) मोजा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त गळत असेल, तर मॅपवर खर्च केलेला पैसा त्या रिंगमधून निघून जाईल.

मधल्या_रांगेतला:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काही गोष्टी तपासल्या. हाताने थ्रॉटल उघडल्यावर सेन्सर ८९ टक्के दाखवतो आणि पेडलने ८३ टक्के, म्हणजे केबल खरोखरच सैल होती. ती आता घट्ट केली आहे. लीकडाउन चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखे आहे. पट्ट्याच्या सुरुवातीचा वेग एका मित्राच्या गाडीशी ताडून पाहिला असता निम्मा फरक तिथेच दिसला, त्यामुळे त्या वळणाचा अभ्यास स्वतंत्रपणे करीन. मास्टर स्विचची जोडणी वायरिंगच्या जाणकाराकडून तपासून घेत आहे. आयोजकांना लेखी प्रश्न पाठवले आहेत.

तरीही मॅप बदलायचा आहेच, कारण बाकीचे सर्व बदलणार आहेत. डायनोवर नेमका क्रम काय ठेवावा आणि नॉक कसा ओळखावा, यावर कोणी सविस्तर लिहिले तर उपकार होतील. माझ्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिलिमीटर आहे.

बेंचवरचा:

क्रमापेक्षा शिस्त महत्त्वाची असल्याने तिथूनच सुरुवात करतो.

डायनोवर गाडी बांधताना पट्ट्यांचा ताण, टायरमधील हवा आणि गिअर प्रत्येक वेळी तेच ठेवावेत. शक्यतो थेट गिअर, म्हणजे ज्याचे गुणोत्तर १ला १च्या जवळ आहे तो, वापरावा. प्रत्येक धाव कूलंटच्या आणि तेलाच्या त्याच तापमानाला सुरू करावी. एकाच मॅपवर लागोपाठ तीन धावा घेतल्या तरी आकड्यांत एखादा टक्का फरक पडतो, त्यामुळे मॅपमधील बदलाने अर्धा टक्का मिळाला असे एका धावेवरून म्हणता येत नाही. आधी मूळ मॅप, मग नवा मॅप आणि शेवटी पुन्हा मूळ मॅप, असा क्रम ठेवा. शेवटची धाव पहिल्या धावेशी जुळली नाही, तर मधल्या धावेत दिसलेला फायदा तापमानाचा होता की मॅपचा, हे सांगता येणार नाही. ट्यूनरला ही शेवटची धाव नकोशी वाटेल. तिचा आग्रह धरा.

पहिले काम इंधनाचे. वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचा लॅम्ब्डा अचूक मोजणारा सेन्सर) कन्व्हर्टरच्या रिकाम्या जागेत न लावता एक्झॉस्टच्या चारही नळ्या एकत्र येतात त्याच्या थोडे पुढे लावा आणि एक्झॉस्टची गळती नाही याची खात्री करा, कारण बाहेरची हवा आत शिरली तर सेन्सर मिश्रण कोरडे असल्याचे दाखवतो. वाचन हवा-इंधन प्रमाणात न घेता लॅम्ब्डामध्ये घ्या. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा समतोल १४.७ला न येता सुमारे १४.१ला येतो, त्यामुळे मीटरवरचा १३.० हा आकडा दोन इंधनांत दोन वेगळे अर्थ सांगतो, लॅम्ब्डा ०.८८चा अर्थ मात्र बदलत नाही. मिश्रण सुधारताना इंजेक्टरचा ड्यूटी सायकलही (तो किती टक्के वेळ उघडा असतो ते) लॉग करा. तो ८५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर इंधनाचा दाब किंवा इंजेक्टरची स्वच्छता आधी पाहायला हवी.

दुसरे काम इग्निशनचे, आणि त्यासाठी नुसती वर चढत जाणारी धाव पुरत नाही. भार धरून ठेवता येईल अशा डायनोवर ३५००पासून दर ५०० आरपीएमला इंजिन स्थिर ठेवून, पूर्ण थ्रॉटलवर टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढे न्यावे. टॉर्क वाढायचा थांबला की तिथून एक-दोन अंश मागे यावे. टॉर्कच्या शिखराजवळ, साधारण ४००० ते ५००० आरपीएमच्या दरम्यान, टॉर्क वाढत असतानाच नॉक सुरू होण्याची शक्यता असते. तिथे नॉकच्या सीमेपासून दोन-तीन अंश आधीच थांबावे. स्थिर धावांमध्ये इंजिन लवकर तापते म्हणून प्रत्येक बिंदूनंतर विश्रांती द्यावी लागते आणि वेळ भराभर संपतो. सगळे बिंदू जमणार नसतील तर ५००० ते ७००० हा पट्टा आधी घ्या.

तोच पट्टा का, हे सांगितले पाहिजे. गाडीचा वेग तोच असताना चाकावरची ओढ शक्तीच्या प्रमाणात असते, म्हणून गिअर बदलण्याची योग्य वेळ म्हणजे जिथे बदलण्यापूर्वीची आणि बदलल्यानंतरची शक्ती सारखी होते. दोन गिअरच्या गुणोत्तरांत १.३५ पट फरक असेल तर ७००० आरपीएमवर बदललेला गिअर इंजिनाला सुमारे ५२००वर आणून सोडतो. शर्यतीत इंजिन जवळजवळ सगळा वेळ याच दोन आकड्यांच्या मध्ये असते, त्यामुळे ३०००वर मिळवलेला टॉर्क आलेखात सुंदर दिसला तरी ट्रॅकवर तो फारसा वापरलाच जात नाही. अगदी मंद वळण असेल तर गोष्ट निराळी. त्याचप्रमाणे ६५००वर कमाल शक्ती एक किलोवॉट जास्त पण ५५००वर दोन किलोवॉट कमी, असा मॅप कोणी दाखवला तर तो स्वीकारू नये. काही स्पर्धांमध्ये वजन आणि शक्तीचे प्रमाण ठरवताना कमाल आकड्याऐवजी सरासरी शक्ती घेतात, त्यामागेही हेच कारण आहे.

आता नॉक. नॉकच्या आवाजाची मूळ वारंवारता सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असते. ढोबळ मानाने १८०० भागिले (π गुणिले मिलिमीटरमधला बोअर), उत्तर किलोहर्ट्झमध्ये. आपल्या ८३ मिलिमीटरला ते सुमारे ६.९ किलोहर्ट्झ येते. डायनोवर स्वतंत्र नॉक मायक्रोफोन इंजिनच्या ब्लॉकवर बसवून, त्या पट्ट्याभोवतीचा आवाज हेडफोनवर ऐकणे ही विश्वासार्ह पद्धत आहे. व्हॉल्व्हची खडखड एकसारखी चालू असते. नॉक मात्र मधूनच, खडे आपटल्यासारखा कोरडा तडतडतो, आणि एकदा कान तयार झाला की दोन्हींची गल्लत होत नाही.

कारखान्याचा नॉक सेन्सरही तपासा. तो ब्लॉकवर ठरलेल्या टॉर्कनेच आवळलेला असावा लागतो, अनेक सेन्सरना तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. सैल असेल तर ऐकत नाही आणि जास्त आवळला तर चुकीचे ऐकतो. एक्झॉस्टवरचे सैल झालेले उष्णतारोधक पत्रे, किंवा कडक इंजिन माउंटमुळे वाढलेला हादरा, यांनाही ईसीयू नॉक समजून टायमिंग मागे घेतो. आपण तीन अंश पुढे नेलेले टायमिंग ईसीयूने गुपचूप चार अंश मागे घेतले, तर मॅप बदलूनही गाडी हळू होते. म्हणून प्रत्येक धावेत मॅपमधले टायमिंग न पाहता प्रत्यक्ष दिलेले टायमिंग आणि नॉकमुळे मागे घेतलेले अंश, हे दोन्ही लॉग करा. नॉक सेन्सर बंद करून देतो असे कोणी म्हणाले, तर तिथून गाडी उचला.

डायनोच्या खोलीत हवेचे तापमान २५ अंश असेल. शर्यतीच्या मध्यावर, पुढच्या गाडीच्या मागे चिकटून, बॉनेटखालची हवा ५० अंशांवर सहज जाते. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे मॅपमधून कमावलेले सगळे तिथेच जाऊ शकते. नियमात बसत असेल तर थंड हवा मिळवण्याच्या पाइपाची मूळ जोडणी आणि त्याची सीलबंदी पाहणे हे अर्ध्या अंश टायमिंगपेक्षा फायद्याचे आहे. आणि हवा तापल्यावर टायमिंग मागे घेणारा कारखान्याचा तक्ता शून्य करू नका. त्याला परवानगी आहे की नाही हा प्रश्न ‘तपासणी_टेबल’ यांनी मांडलाच आहे. पण परवानगी मिळाली तरीही तो तक्ता शेवटच्या लॅपमध्ये पिस्टन वाचवतो. फार तर त्याची सुरुवात थोडी पुढे सरकवा.

काम संपल्यावर ईसीयूमधील फाइल पुन्हा वाचून घ्या, ती ट्यूनरने दिलेल्या फाइलशी जुळते का ते पाहा आणि मूळ फाइलसह दोन्हींची प्रत स्वतःजवळ ठेवा. काही ट्यूनर फाइल कुलूपबंद करून देतात. तपासणीच्या टेबलावर ती वाचताच आली नाही तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल, म्हणून ही अट पैसे देण्याआधीच ठरवून घ्या.

पहिल्या सराव सत्रानंतर इंजिन लगेच बंद करून प्लग काढा. भिंग घेऊन पांढऱ्या पोर्सेलिनकडे पाहा. त्यावर मिरपुडीसारखे बारीक काळे कण किंवा ॲल्युमिनियमचे चंदेरी ठिपके असतील, तर लॉगमध्ये काहीही दिसत असले तरी त्या सिलिंडरमध्ये नॉक होतो आहे. तसे एकाच प्लगवर दिसले तर आधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर तपासा. चारही प्लगांवर दिसले तर टॉर्कच्या शिखराभोवतीचे दोन अंश मागे घेऊन मगच पुढच्या सत्राला उतरा.